हौद्यात न उतरण्याचा ठराव

सभागृहात बोलायला उभं राहिलेल्याला धास्ती असते ती अध्यक्षांच्या घंटेची. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री डॉ. राधाकृष्णन यांच्यापुढे मात्र उलटाच पेच होता : बारा वाजेपर्यंत थांबायचं नाही! प्रतिज्ञा बाराच्या ठोक्याला घ्यायची होती. रात्री अकराला संविधान सभा भरली, सुचेता कृपलानींनी 'वंदे मातरम्' म्हटलं, नेहरूंचं भाषण झालं, आणि उरलेली मिनिटं या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या पदरात पडली. निवड अचूक होती. टोल पडेपर्यंत बोलत राहणं प्राध्यापकांच्या अंगवळणीच पडलेलं असतं. बारा वाजले, शंख फुंकला गेला, सदस्यांनी उभं राहून प्रतिज्ञा घेतली.

अशा रात्रीची आठवण थाटात काढावी, हे ओघानंच आलं. 1997 साली स्वातंत्र्याची पन्नाशी झाली, तेव्हा संसदेचं मध्यवर्ती सभागृह पुन्हा मध्यरात्री गजबजलं. भीमसेन जोशींनी 'वंदे मातरम्' गायलं, लताबाईंनी 'सारे जहाँ से अच्छा'. गांधीजी, नेहरू आणि नेताजींचे ध्वनिमुद्रित आवाज घुमले. कुणी हरकतीचा मुद्दा काढला नाही. लग्नघरात फोटो काढायच्या वेळी भाऊबंदकी जशी शेजारी शेजारी उभी राहते, तसे सगळे पक्ष गुण्यागोविंदानं बसले होते.

खरी गंमत पुढेच आहे. याच निमित्तानं ऑगस्टअखेर खास अधिवेशन झालं आणि 1 सप्टेंबरला एक ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यात सदस्यांनी स्वतःलाच बजावलं : प्रश्नोत्तराचा तास मोडायचा नाही, हौद्यात उतरायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, राष्ट्रपतींच्या अभिभाषणात व्यत्यय आणायचा नाही. हौद्याची वर्दळ त्यानंतरही थांबली नाही, हे आपण टीव्हीवर पाहतोच. एकमताची हीच तर सोय! ठराव सगळ्यांचा झाला की तो पाळायचं कुणा एकाच्या अंगावर येत नाही.

तरी त्या शहाण्या शांततेचा मला फारसा सोस नाही. एकमेकांचं पटत नाही म्हणून तर सभागृह बांधायचं; पटत असतं तर एका पत्रावर सह्या करून भागलं असतं. म्हणून पुढच्या महोत्सवी अधिवेशनात गाणं आणि भाषण यांच्यामध्ये एक अडचणीचा प्रश्न ठेवावा. विरोधकांनी तो बसल्या जागेवरून विचारावा आणि मंत्र्यांनी त्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं. शंख त्यानंतर फुंकायला हरकत नाही.