मशीनवाल्या वहिनी

हल्ली प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक तरी मशीनवाल्या वहिनी असतातच. पूर्वी ही जागा क्विलिंगवाल्या वहिनींची होती, त्याआधी वारली पेंटिंगवाल्यांची. यांच्याकडे मात्र क्रिकट किंवा सिल्हूट कॅमिओ असतं, बहुधा अमेरिकेतल्या नणंदेच्या बॅगेतून आलेलं. दिसायला प्रिंटर, पण पोटात शाईऐवजी पातं.

वहिनींकडे चहा मिळतो, डायनिंग टेबल मिळत नाही. तिथे मशीन बसलेली असते. कप हातात धरायचा आणि टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही, कारण ‘ती कापतेय!’ अडीचशे जीएसएमचा कार्डस्टॉक बारा इंची चिकट मॅटवर बसवून वहिनी कडा दाबतात, बटण दाबतात आणि श्वास रोखतात. मॅट आत-बाहेर करते, पातं डावीकडून उजवीकडे धावतं आणि कागदावर बघताबघता मोर उमटतो. तो काढायला आपण हात पुढे केला, की ओरडा ठरलेला : “मॅटवरून कागद ओढायचा नाही, कागदापासून मॅट सोलायची! नाहीतर मोराची सुरळी होते.” मग बारीक हूकने नको ते तुकडे उपसायचे. हे खातं यजमानांकडे असतं. दिवसभर बँकेत कर्जाची प्रकरणं निस्तरून आलेला गृहस्थ रात्री चष्मा कपाळावर चढवून मोराच्या पिसाऱ्यातली भोकं मोकळी करत बसतो.

वहिनींचा खरा कस लागतो तो मराठीत. ‘हॅपी बर्थडे’ मशीन निमूट कापते. ‘शुभविवाह’ म्हटलं की कुरकुरते. अक्षरं आधी एकमेकांना वेल्ड केली नाहीत, तर पातं प्रत्येक अक्षराभोवती वेगळं फिरतं आणि लग्नाआधीच शिरोरेषेची फाटाफूट होते. रांगोळीच्या स्टेन्सिलची तऱ्हा आणखी निराळी. ‘व’च्या पोटाला धरून ठेवणारा बारीक पूल सोडला नाही, तर पोटच गळून पडतं आणि दारात भरीव गोळा उमटतो. हे सगळं ज्ञान वहिनी चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत, लिफ्टमध्ये, न विचारता देतात.

“मशीनमुळे वेळ किती वाचतो!” हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्या रात्री एक वाजता म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानात तीस रुपयांना मिळणाऱ्या कार्डासाठी त्यांनी तीन छटांचा कागद, नवं पातं आणि एक अख्खा रविवार घातलेला असतो. उरलेले कपटे फेकायचे नाहीत. त्यांची फुलं होतात, फुलांचे कपटे होतात, आणि त्या कपट्यांसाठी वेगळा डबा असतो.

2018 साली राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि वहिनींचे दिवस पालटले. ‘कागद कापायला एवढं महाग यंत्र?’ म्हणून हसणारे कमिटी मेंबर आता श्रावणातच गणपतीच्या मखरासाठी पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभे राहतात. महिरप हवी, जाळी हवी, मागे सूर्यकिरणं हवीत. रात्री नऊ वाजता ‘उद्याच द्यायचाय’ म्हणत शाळेचा प्रोजेक्ट येतो. हळदीकुंकवाच्या वाणाला पाकिटं लागतात. वहिनी कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त ‘मॅटचा चिकटपणा गेलाय’ असं सुस्कारा टाकून सांगतात, कोमट पाण्याने मॅट धुतात, वाळवतात आणि पुन्हा बसतात.

मखराचं कौतुक होतं तेव्हा लोक मशीनचं करतात. नणंदेचंही करतात. वहिनी बाजूला उभ्या राहून जाळीतला एक चुकार कपटा नखाने काढत असतात, आणि तोही आपल्याला दिसलेला नसतो.

तेव्हा गणपतीआधी त्यांच्याकडे जाणार असाल, तर कार्डस्टॉक आपला न्या, फाइल आठ दिवस आधी द्या, आणि “दोन मिनिटांचं काम, बटणच तर दाबायचं ना?” हे वाक्य घरीच ठेवून जा.