चित्रपटोत्तर मत : काही निरीक्षणे

चित्रपट संपून दिवे लागल्यापासून प्रेक्षक वाहनतळावर पोहोचेपर्यंतच्या अवधीत त्याच्या तोंडून जे पहिले विधान बाहेर पडते, त्याला येथे ‘चित्रपटोत्तर मत’ असे म्हटले आहे. वृत्तपत्रातील समीक्षेहून हे मत मुळातच वेगळे असते, कारण समीक्षक तारे वाटून मोकळा होतो, तर चित्रपटोत्तर मत देणाऱ्याला ज्यांच्यासमोर ते दिले त्याच माणसांबरोबर एकाच रिक्षातून घरी जायचे असते. या मताचा बहुतेक स्वभाव त्या रिक्षाने घडवला आहे, आणि म्हणूनच ते चित्रपटापेक्षा सोबतीविषयी अधिक सांगते.

या मताचा भारतीय इतिहास ७ जुलै १८९६ पर्यंत मागे नेता येतो. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चित्रफिती एक रुपया दराने दाखवण्यात आल्या. मात्र प्रत्येक फीत जेमतेम मिनिटभराची असल्यामुळे ‘मध्यंतरानंतर फार ताणलाय’ हे आज सर्वाधिक खपणारे मत त्या दिवशी कोणालाही देता आले नसणार. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या असल्याने नायक-नायिकेचे एकमेकांशी जमत नाही, ही तक्रारही करण्याची सोय नव्हती. मतांचे खरे पीक आले ते चित्रपट लांबल्यानंतर आणि मध्यंतर रूढ झाल्यानंतर. मध्यंतर म्हणजे अर्ध्या चित्रपटाच्या आधारे पूर्ण मत बनवण्यासाठी दिलेली अधिकृत सुट्टी होय. उत्तरार्धाने ते मत बदलायला लावले, तर त्याचा राग पुन्हा उत्तरार्धावरच निघतो.

दिवे लागल्यानंतरचा पहिला टप्पा मौनाचा असतो. पायऱ्या उतरताना प्रत्येक जण चपला, पाण्याची बाटली आणि मोबाइल यांत विलक्षण गुंतलेला दिसतो, कारण पहिले कोणी बोलायचे हा प्रश्न अद्याप सुटलेला नसतो. जो प्रथम बोलतो तो निवाडा देतो आणि उरलेल्यांना पुरवणी जोडावी लागते, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक असते. शेवटी ‘कसा वाटला?’ हा प्रश्न बहुधा तिकिटे काढणारी व्यक्तीच विचारते, आणि उत्तराचे स्वातंत्र्य तिथेच संपते. जावयाने सहा जणांची तिकिटे काढून, वर मक्याच्या लाह्यांसाठी एका वेळच्या जेवणाइतके पैसे मोजल्यानंतर सासऱ्यांनी ‘वेळ वाया गेला’ असे म्हणणे शक्य नसते. ते म्हणतात, ‘छायाचित्रण सुंदर आहे हो.’ छायाचित्रणाची स्तुती हे मराठी कुटुंबव्यवस्थेने निर्माण केलेले एक सुरक्षित मत असून, कथा, अभिनय, संवाद आणि संगीत यांपैकी काहीही आवडले नाही, असा त्याचा आशय असतो. सासूबाई त्यापुढे जाऊन नायिकेच्या साड्यांविषयी बोलतात. जावई हे दोन्ही अभिप्राय प्रशंसा म्हणून स्वीकारतो, आणि तो ते खरोखर तसे समजतो की तसे समजण्याचे सौजन्य दाखवतो, हे शोधण्याच्या फंदात शहाण्या माणसाने पडू नये.

सोबत बदलली की त्याच चित्रपटाचे मतही बदलते. सासऱ्यांसमोर ज्याने ‘बरा होता’ एवढ्यावर भागवले, तोच जावई दुसऱ्या दिवशी कचेरीत चहाच्या टपरीवर दिग्दर्शकाची सालटी काढतो, आणि समोरच्या सहकाऱ्याला तो चित्रपट तीनदा पाहण्याइतका आवडला आहे असे कळताच ‘म्हणजे, पार्श्वसंगीत जबरदस्त आहे, त्यात वादच नाही’ या वाक्यावर सुखरूप उतरतो. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. प्रस्तुत विवेचनात त्याला सामाजिक भान म्हटले आहे.

याच्या नेमके उलट वागणारा एक वर्ग म्हणजे ‘पूर्वदर्शी’, अर्थात ज्याने मूळ कलाकृती आधी पाहिलेली असते असा प्रेक्षक. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांच्या प्रमुख भूमिकेसह रंगभूमीवर आले आणि महेश मांजरेकर यांचा नाना पाटेकर अभिनीत चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत पूर्वदर्शींनी जे मत जपून ठेवले होते, ते त्या एका आठवड्यात महाराष्ट्रभर बाहेर पडले. ‘तुम्ही लागूंचं पाहिलं नाहीत ना? मग राहू द्या’, एवढेच ते मत असून त्यावर उत्तर नसते, कारण ऐकणाऱ्याचा जन्म उशिरा झाला हा त्याचा दोष वादाने दूर होत नाही. मात्र लागूंचा प्रयोग पाहिल्याचे सांगणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत असल्याने, त्या सर्वांना सामावून घेण्यासाठी त्या काळची नाट्यगृहे बरीच ऐसपैस असली पाहिजेत, असा निष्कर्ष काढावा लागतो. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाच्या चित्रपटरूपाबाबत हेच वसंतराव देशपांडे यांच्या नावाने घडले, आणि तेथे तर न पाहिलेल्याबरोबर न ऐकलेल्याचीही भर पडली.

भौगोलिक मताचा उल्लेख ओझरता पुरेल: ‘सैराट’ पाहून आलेला करमाळ्याकडचा प्रेक्षक जातिव्यवस्थेविषयी बोलण्याआधी चित्रपटातली बारव कुठली आहे आणि तिथून त्याच्या मावशीचे गाव किती जवळ आहे, हे सांगतो. ते त्याने सांगावेच.

अर्धोत्थित प्रेक्षकाचे, म्हणजे अर्धा उठलेल्याचे, मत अधिक गुंतागुंतीचे आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाला सुट्टी लागण्यापूर्वी न्यायदालन रिकामे होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडद्यावर काळोख पसरतो; चित्रपट संपला असे समजून उठण्यास हा क्षण सर्वथा योग्य आहे. त्यानंतर दिग्दर्शक प्रेक्षकांना न्यायाधीशांबरोबर सहलीला नेतो. तोवर काही जण पिशवी खांद्याला लावून दोन रांगांच्या मध्ये उभे असतात, बसावे की निघावे हे त्यांना ठरवता येत नाही, आणि मागच्यांच्या ‘अहो, खाली बसा’ या सूचनांत त्यांचा शेवट निघून जातो. पुढे अनेक वर्षे हे लोक ‘चित्रपट चांगला आहे, पण शेवट काही पटला नाही’ असे ठामपणे सांगतात. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पुरस्कार मिळाला आहे, ही माहितीही त्यांचे मत हलवू शकत नाही; तेथील परीक्षक बसून होते, एवढाच काय तो फरक.

सर्वांत निर्दोष मत मात्र चित्रपट न पाहिलेल्याचे असते, कारण त्यात पडद्यावरचे काहीही आड येत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि तेव्हापासून तो अतिशय संयत असल्याचे मराठी घरांत एकमुखाने मान्य आहे. नैराश्याने ग्रासलेला तरुण आणि कोकणच्या किनाऱ्यावरची कासवे एवढ्या माहितीवर एक जण दुसऱ्याला त्याची शिफारस करतो, दुसरा ‘पाहायचाच आहे’ असे म्हणत ती तिसऱ्याकडे सोपवतो, आणि चित्रपटाची प्रतिष्ठा कोणाच्याही सवडीला धक्का न लावता वाढत राहते. क्वचित एखादा उतावळा माणूस तो खरोखर पाहून येतो आणि रविवारच्या जेवणाच्या पंगतीत त्यातील एका प्रसंगाविषयी प्रश्न विचारतो. अशा वेळी यजमान त्याला आग्रहाने आणखी थोडी आमटी वाढतात.