एका रविवारात तीन गावं

लोणार, सिंदखेड राजा आणि शेगाव एकाच रविवारी उरकायचा बेत छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींत आता चांगलाच रुळलाय. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, सिंदखेड राजा आणि मेहकरला उतरायची सोय झाली, तेव्हापासून जास्तच. पाहुणे येतात याचा मला आनंद आहे. पण मी मेहकरला राहतो, म्हणून सोबतीला मलाच बसवतात आणि दर खेपेला त्याच त्या गोष्टींनी माझं डोकं तापतं.

पहिली गोष्ट वेळेची. घरून निघायला उशीर, वाटेत नाश्त्याला उशीर आणि लोणारच्या काठावर गाडी लागते ती भर दुपारी. समोर बसाल्टच्या खडकात उल्केनं पाडलेलं, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं आणि दीडशे मीटर खोल विवर. पोरं कठड्याला टेकून फोटो काढतात. मी म्हणतो, खाली उतरू. तेव्हा कळतं की निम्म्या लोकांच्या पायांत उंच टाचांच्या नाहीतर घसरणाऱ्या चपला आहेत. "वरून दिसतंय की सगळं," काका म्हणतात. वरून दिसत नाही, काका. झाडीतली पडकी देवळं वरून दिसत नाहीत, पाण्याकाठचं कमळजा देवीचं मंदिर नीट दिसत नाही, आणि खारट-क्षारी पाण्याचा तो उग्र वास तर वर पोचतच नाही. इथल्या क्षारांपासून काच आणि साबण करत, याची नोंद ऐने-अकबरीतसुद्धा आहे.

मग हमखास प्रश्न येतो : "पाणी गुलाबी कुठंय?" 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला, खारात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं तळं रंगलं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून तसं सांगितलं. पुढं पाऊस पडला आणि रंग गेला. हे सगळं मी दर वेळी सांगतो, आणि दर वेळी कुणीतरी फसवणूक झाल्यासारखा चेहरा करतं. त्याच वर्षी हे तळं रामसर यादीत आलं, 2000 पासून इथं अभयारण्य आहे, हे ऐकायला तोवर कुणी थांबलेलं नसतं. पाण्याची रिकामी बाटली मात्र कठड्यापलीकडं गेलेली असते. ती मला सगळ्यांत जास्त लागते. रागावलो की म्हणतात, "जाऊ द्या हो, एकच तर आहे."

गावातल्या दैत्यसूदन मंदिराला त्यानंतर किती वेळ मिळणार! तिथल्या मंडपाचं छत मान वर करून, डोळे अंधाराला सरावू देत बघावं लागतं. मंडळी मोबाइलचा उजेड मारून एक फोटो घेतात आणि बूट शोधायला लागतात.

सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या दरवाजासमोर सगळे उत्साहात उभे राहतात. जिजाऊंचं जन्मस्थान, त्यामुळं तो उत्साह मला आवडतो. 12 जानेवारीला इथं लोटणारी गर्दी मी पाहिली आहे. पण लखुजीरावांची समाधी त्याच गावात आहे आणि तिथवर यायला कुणी तयार नसतं. 1629 साली देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि नातू मारले गेले. जिजाऊंचं माहेर एका दिवसात असं उजाड झालं. शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला तो त्यानंतर वर्षभराच्या आत. ही गोष्ट समाधीच्या त्या भव्य, ओक्याबोक्या वास्तूत उभं राहून सांगायची असते. मी ती आजवर चालत्या गाडीत, मागच्या सीटवर वळून सांगत आलोय. मोती तलाव, पुतळा बारव यांची तर नुसती नावं घ्यायची. बारवेच्या भिंतींवरच्या मूर्ती एकेक करून बघायला निवांत तास हवा.

शेवटी शेगाव. गजानन महाराजांच्या दर्शनाची रांग कुणाच्या हातात नसते, तिची तक्रार करणार नाही. कचोरीचीही नाही, मलाही ती आवडते. पण घरी न्यायच्या पुड्यांसाठी मंडळी जितकी शांतपणे उभी राहतात, तितका वेळ लोणारला दिला असता तर अर्धं विवर उतरून झालं असतं, हे मी तिथंच रांगेत बोलून दाखवतो.

तेव्हा पुढच्या खेपेला शनिवारी संध्याकाळीच मेहकरला या. जेवण-झोपणं आमच्याकडं. पायांत बूट हवेत, पाण्याच्या बाटल्या भरून आणा आणि रिकाम्या परत न्या. रविवारी उजाडताच आपण लोणारला उतरू, दुपार दैत्यसूदनात काढू, सोमवारची रजा टाकून सिंदखेड राजा पाहू. शेगावला मात्र वेगळं या, त्या दिवशी मी गाडीत बसणार नाही.