रविवारचं मटण, रोजची कोंबडी

श्रावण पाळणारा महाराष्ट्र श्रावणाच्या आधीच्या रविवारी काय करतो, ते कुठल्याही मटणाच्या दुकानासमोर जाऊन पाहावं. सकाळी सातपासून रांग. घरात माणसं चार आणि पिशवीत तीन किलो. महिनाभर खायचं नाही म्हणून महिन्याचं एका दिवसात उरकायचं, गणपती गेले की पुन्हा तुटून पडायचं. हा संयम नव्हे, ही हाव आहे.

मी मांसाहार सोडला तो या हावेला विटून. देवासाठी नाही, पुण्यासाठी नाही, डॉक्टरांनी दटावलं म्हणूनही नाही. आमच्या कोल्हापूरकडे मटण म्हणजे रविवार. पाऊण किलो मटण, त्यावर पातेलंभर रस्सा, आणि पंगतीला आठ-दहा माणसं. वाट्याला दोन-तीन फोडी यायच्या. चव रश्श्यात असायची, पोट भाकरीनं भरायचं. जत्रेला बोकड पडला की मुंडी, पाय, वजडी, रक्ती, सगळं खपायचं. त्या खाण्यात जिवाची किंमत कळत होती आणि पैशाचीही. त्यावर माझा काडीचा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो आठवड्याच्या सातही दिवसांवर. दुपारी बिर्याणी, संध्याकाळी रोल, रात्री तंदुरी, आणि सुट्टीच्या दिवशी ‘अनलिमिटेड’ थाळी, जिथे पैसे वसूल करायचे म्हणून वाढून घ्यायचं नि निम्मं ताटात टाकून उठायचं. ताटात टाकलेली ती तंगडी एका जिवाची होती, हे उठताना कुणाच्या मनातही येत नाही.

तो जीव एकदा जवळून बघा. पहाटे टेम्पोतून क्रेट उतरतात, त्यातली कोंबडी बघा. छातीवरची पिसं झिजलेली, पायाच्या सांध्यावर काळपट डाग. ओल्या, घाण तुसावर बसून बसून विष्ठेतल्या अमोनियानं कातडी भाजते, त्याचे ते डाग. दिसायला दोन किलोंची कोंबडी, पण कान देऊन ऐका, आवाज अजून पिल्लाचा आहे. सहा आठवड्यांचं पिल्लूच ते! वजन इतक्या झपाट्यानं चढवलेलं असतं की कित्येकींच्या पायांना ते पेलत नाही. अंगणातली गावरान कोंबडी वर्षानुवर्षं जगते; हिनं अंगण पाहिलेलंच नसतं. दुकानात ‘करी कट की बोनलेस’ एवढाच प्रश्न उरतो.

आणि हे फक्त कोंबडीच्या हालांपुरतं थांबत नाही. कोलिस्टिन हे इतर औषधं हरली की डॉक्टर काढतात ते प्रतिजैविक. तेच आपल्याकडे वजन वाढावं म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. स्वस्त चिकनची किंमत उद्या अतिदक्षता विभागात कुणीतरी मोजणार, म्हणून ही बंदी होती.

‘मग प्रोटीनचं काय?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, आणि विचारणारे बहुधा व्यायामशाळेत जाणारे तरुण असतात. त्यांनी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एखाद्या ढाब्यावर थांबावं. अख्खा मसूर, वर लसणाची फोडणी, सोबत गरम रोटी, कांदा आणि लिंबू. शेतात राबणारी माणसं ते खाऊन उभी आहेत. उसळी, पिठलं, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची आमटी हे सगळं आपल्याच चुलीवरचं आहे. रोज चिकन नसेल तर अंगात ताकद राहत नाही, ही समजूत अलीकडची आहे आणि ती विकणाऱ्यांनी रुजवली आहे.

मात्र माझ्या शाकाहाराला कुणी सोवळं नेसवू नये. मासळी तळल्याचा वास येतो म्हणून फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्यांशी माझं काही नातं नाही. २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेनं मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला, तोही मला मान्य नाही. स्वातंत्र्यदिनी लोकांनी काय खावं हे पालिकेनं ठरवायचं नसतं. स्वतःच्या ताटातलं कमी करणं ही एक गोष्ट, दुसऱ्याच्या ताटावर हात घालणं ही अगदीच वेगळी.

आणि हात घातला तोही कुणाच्या ताटावर? जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा वेगळा निधी बंद केला. कमी खायला हवं ते अनलिमिटेड थाळीवाल्यांनी, माझ्यासारख्या पोटभर जेवणाऱ्यांनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत ताटली घेऊन बसणाऱ्या पोरीला आठवड्यातून एकदा मिळणारं अंडं ही चैन नव्हती. तिचं अंडं सरकारनं आधी परत द्यावं, आणि शाकाहाराचा प्रचार करणाऱ्या प्रत्येकानं, मी धरून, ते मागायला पुढे यावं.