अग्रेसर

दीर्घ पल्ल्याचा सायकलप्रवास एकट्याने करावा की सोबतीने, हा प्रश्न ज्यांनी असा प्रवास कधी केलेला नाही त्यांनाच पडतो. कारण ज्यांनी तो केला आहे ते पक्के जाणून असतात की सोबतीने निघालेला मनुष्यही पहिल्या तासाअखेर एकटाच असतो, आणि त्याची सोबत म्हणजे पुढे मैलभर अंतरावर वळणाआड नाहीसा होणारा एक पाठीचा ठिपका. या ठिपक्यास आपण सोयीसाठी ‘अग्रेसर’ म्हणू.

मुंबईहून गोव्यास जाणारा राजमार्ग पेण, महाड, चिपळूण असा आतून जातो, आणि म्हणूनच तो अग्रेसरांना नामंजूर असतो. त्यांना अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, गुहागर असा किनाऱ्याचा रस्ता हवा. प्रस्थानापूर्वी महिनाभर त्यांचे दप्तर उघडते. सामानाची फेरिस्त तयार होते, वजनकाट्यावर प्रत्येक जिन्नस तोलला जातो, आणि सहप्रवाशाचा दुसरा टॉवेल, हवेची उशी व अर्धी वाचलेली कादंबरी ‘अनावश्यक’ या सदराखाली जप्त होते. पाने, जादा ट्यूब, पंक्चरचे ठिगळ, पातेले आणि दोरी या वस्तू मात्र ‘सामायिक’ ठरून सहप्रवाशाच्या कॅरिअरवर चढतात. दुरुस्तीचे सामान मागच्याकडे असलेले बरे, असा यामागचा सिद्धांत आहे. पंप तेवढा अग्रेसरांच्या सायकलीच्या दांडीला लावलेला असतो. तिथे तो शोभतो.

प्रवासाच्या शास्त्रात अग्रेसर निष्णात असतात. समोरून वारा सुटला म्हणजे मागच्याने पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून राहावे, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम बरेच वाचतात, हे तत्त्व सत्य आहे आणि ते आम्हांस प्रथम अग्रेसरांनीच समजावून दिले. ‘तुम्ही फक्त माझ्या मागे राहा, वारा मी अडवतो,’ असे औदार्याने सांगून ते पेडल मारू लागतात, आणि दोन मिनिटांत इतके पुढे जातात की त्यांनी अडवलेला वारा वाटेत पुन्हा एकत्र होऊन, गेलेल्या वेळेची भरपाई करीत आपल्या छातीवर येतो.

पुढे एखाद्या वडाखाली ते थांबलेले आढळतात. सायकल खोडास टेकवलेली, बूट काढलेले, मुद्रेवर तृप्ती. आपण धापा टाकीत पोचून पाय जमिनीला लावतो न लावतो तोच ते उठतात, बूट चढवतात आणि म्हणतात, ‘चला, फार वेळ झाला थांबून.’ हे विधान अक्षरशः खरे असल्यामुळे त्यावर हरकत घेता येत नाही. त्यांची विश्रांती संपण्याचा आणि आपली सुरू होण्याचा मुहूर्त एकच असतो. स्थळदर्शनाचीही हीच गत. मुरूडहून आगरदांड्याच्या धक्क्याकडे जाताना पाण्यातला जंजिरा दिसतो. तो पाहावा म्हणून आपण सायकलीवरून उतरावे, तर पुढून आवाज येतो, ‘पाहिला ना? चला.’ कोणत्याही वास्तूस अग्रेसर हजेरीपटावरील नावाप्रमाणे वागवतात.

थोरांचे दाखले देण्याचीही त्यांना हौस असते. 1923 साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि हकीम, बापासोला व भूमगारा हे तिघे 1928 साली ती पुरी करून परतले, हा वृत्तान्त ते प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी सांगतात. त्यांचा सारा भर परतलेल्या तिघांवर असतो. आमचे चित्त उरलेल्या तिघांकडे ओढ घेते, आणि त्यांच्यापुढे कोण चालले होते याविषयी आम्ही काही तर्क मनाशी बांधून आहोत. त्यांच्याआधी, 1884 ते 1886 या काळात, टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ एका अवाढव्य पुढच्या चाकाच्या सायकलीवरून एकटाच जग फिरून आला. त्याचे नाव मात्र अग्रेसर सहसा काढीत नाहीत.

परंतु अग्रेसरांची खरी प्रतिभा चढाच्या वर्णनात फुलते. कोकणचा किनारा असा रचलेला आहे की प्रत्येक खाडी समुद्राच्या पातळीवर आणि दोन खाड्यांमधला प्रदेश बहुधा उंच, जांभ्या दगडाच्या सड्यावर. म्हणजे रस्त्याने उतरावे ते पुन्हा चढण्यासाठीच. हा भूगोल अग्रेसरांस मुखोद्गत असतो, आणि तरीही ‘आता एकच चढ, मग उतारच उतार’ हे आश्वासन ते दिवसातून अनेकदा तितक्याच निष्ठेने देतात. त्यात लबाडी नसते. ज्या चढावर ते असतात तोच त्यांना शेवटचा वाटतो, आणि तो उतरताच त्याची स्मृतीही पुसली जाते.

न्यायाची बाजूही नमूद केली पाहिजे. संध्याकाळी आपण काळोखात मुक्कामी पोचतो तेव्हा खोली ठरलेली असते, बंबात पाणी तापलेले असते, आणि खाणावळवाल्या काकूंना ‘मागून एक जण येतायत, सोलकढी संपवू नका’ अशी ताकीदही गेलेली असते. पुढच्या वर्षी आपण पुन्हा त्यांच्याबरोबरच निघतो ते या सोलकढीपायी.

या माणसाची गती रोखू शकते ती केवळ खाडी. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ, प्रत्येक ठिकाणी फेरीबोट येईपर्यंत त्यांना धक्क्यावर येरझारा घालाव्या लागतात, आणि अर्ध्या तासाने पोचलेला सहप्रवासी त्याच बोटीतून, त्याच तिकिटात, त्यांच्या खांद्याला खांदा लावून पलीकडे जातो. मागाहून येणाऱ्यांच्या कल्याणासाठीच परशुरामाने या खाड्या ठेवल्या असाव्यात.

दाभोळला मात्र हा हिशेब चुकला. गावाच्या अलीकडेच आमच्या मागच्या चाकाची हवा गेली. ठिगळ होते, पाने होते, पातेलेसुद्धा होते. सायकल ढकलीत धक्क्यावर आलो तेव्हा बोट खाडीच्या मध्यावर होती आणि तिच्या कठड्याशी उभे राहून अग्रेसर, दांडीला पंप लावलेल्या सायकलीसह, प्रसन्नपणे हात हलवीत होते. आम्ही दोन्ही हातांनी हवा भरण्याचा अभिनय केला. त्यांनीही तसाच उलट अभिनय करून त्याचा स्वीकार केला. बोट धोपाव्याला लागली, रिकामी झाली, भरली, परत आली. तिच्यावरचा खलाशी आमच्याजवळ येऊन म्हणाला, ‘तुमचेच पाव्हणे ना ते? निरोप दिलाय. म्हणाले, सावकाश या, मी वरती थांबतो. आता एकच चढ आहे.’