जावयाचा तेरावा महिना

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. मधला अकरा दिवसांचा फरक मिटवायला आपल्या पूर्वजांनी अधिक मास शोधून काढला खरा, पण त्यांची मजल बेताचीच होती. तेरावा महिना पदरात पडायला त्यांना दरवेळी अडीच-पावणेतीन वर्षं वाट पाहावी लागे. २०२३ साली अधिक श्रावण झाला, त्यानंतर थेट २०२६चा अधिक ज्येष्ठ. मोबाईल कंपन्यांनी हा महिना दरसाल आणून दाखवला. ग्रहगणित नको, कुठल्या महिन्यात सूर्याची संक्रांत पडली नाही ते बघणं नको. महिना २८ दिवसांचा केला, की झालं. तेरा वेळा २८ म्हणजे ३६४. उरलेला एक दिवस कंपन्यांनी अजून मनावर घेतलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अधिक मासात जावयाला वाण द्यायची आपल्याकडे रीत आहे. ३३ अनारसे, ऐपत असेल तर चांदीचं ताट. या नव्या अधिक मासात कंपनी जावई आणि आपण सगळे सासरे. जावई तोंडाने काही मागत नाही. मुदत संपायच्या तीन-चार दिवस आधीपासून फक्त आठवण करून देतो. तरी आपलं लक्ष गेलं नाही, तर कोणाला फोन लावताना मध्येच एक गोड बाई तेच सांगते. आणि शेवटी जावई रुसतो. आधी आऊटगोइंग बंद, मग काही दिवसांनी इनकमिंगही. सासरा कितीही तालेवार असो, दुपारच्या आत वाण पोचतं.

पण हा लेख जावयाच्या कौतुकाचा नाही. तो आपलं काम चोख करतो. कौतुक व्हायला हवं ते सासऱ्याचं, आणि तेच नेमकं राहून गेलंय.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे आदर्श सासरे. बँकेतून निवृत्त, त्यामुळे हिशेबाला पक्के. कोथिंबिरीची जुडी पंधराला सांगितली तर ते मंडईचं दुसरं टोक गाठतात आणि बाराला आणतात. लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल त्यांच्यामुळे वार्षिक सभेत दीड तास चालतं. हेच सेक्रेटरी २८ दिवसांचा २९९चा पॅक वर्षातून तेरा वेळा मारतात आणि विचारलं तर सांगतात, "महिन्याला तीनशे. आजकाल तीनशेत होतं काय?" बँकेत असताना कोणी २८ दिवसांवर पुऱ्या महिन्याचं व्याज मागायला आलं असतं, तर त्यांनी त्याला काउंटरशी उभं केलं नसतं.

कोणी म्हणेल, त्यांना माहीत नसेल. तसं मुळीच नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा ठेवावा आणि एक असा ठेवावा जो दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल. ही बातमी सेक्रेटरींनीच आमच्या ग्रुपवर टाकली होती, वर 'ग्राहकराजा, जागा हो' असं लिहून. तो पॅक अ‍ॅपमध्ये शोधावा लागतो, आणि सेक्रेटरींचं म्हणणं असं की जे शोधावं लागतं त्यात काहीतरी गोम असणार. समोर मोठ्या अक्षरांत दिसतं ते सरळ. अशी निर्मळ श्रद्धा हल्ली देवळातही बघायला मिळत नाही.

ही समज एका दिवसात आलेली नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला. त्या काळी फोन करायला पैसे पडत आणि आलेला घ्यायलाही. २००३ साली इनकमिंग फुकट होईपर्यंत फोन वाजला की माणूस आधी नाव बघे, मग स्वतःची ऐपत. त्या खडतर दिवसांत आपल्या लोकांनी मिस्ड कॉल घडवला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे आता तरी उचल. टॉवर कंपनीचे, निरोप आपला, बिल शून्य. इनकमिंग फुकट झाल्यावर तर मिस्ड कॉल आणखी फोफावले, कारण आता फक्त लावणाऱ्याचे पैसे जात, आणि लावणारा दुसरा कोणी असला की प्रश्नच मिटत होता. दोन जिवलग मित्र आपापल्या घरी, आपापल्या हातात फोन धरून, समोरच्याच्या कॉलची वाट बघत बसलेले असत. मैत्रीची खोली तेव्हा अशी मोजली जाई.

मिनिटाचा पल्स असताना एकोणसाठाव्या सेकंदाला 'ठेवते गं' म्हणून जिने फोन कापला, ती पिढी आज अख्खा तेरावा महिना न मोजता देते. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना पैशाचं मर्म कळलेलं नाही. तेव्हा पैसे मिनिटामिनिटाला जात, त्यामुळे दिसत. आता एकरकमी जातात, त्यामुळे दिसत नाहीत. न दिसणाऱ्या खर्चाने रक्तदाब वाढत नाही, आणि निवृत्तीनंतर रक्तदाब महत्त्वाचा.

मध्यंतरी लाइफटाइम पॅकचंही एक पर्व होऊन गेलं. २००५च्या अखेरीस ते आले. हजाराच्या आसपास रक्कम एकदा भरा, इनकमिंग आजन्म. मुलांनी आईवडिलांना कौतुकाने ती सिमकार्डं भेट दिली. २०१८च्या शेवटी कंपन्यांनी सांगितलं, दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपये भरा, नाहीतर इनकमिंग बंद. जन्म तेरा वर्षांचा निघाला. आमच्या ओळखीत कोणी चकार शब्द काढला नाही. आईवडील ठणठणीत होते, याहून जास्त काय हवं?

पण सासऱ्याची खरी कसोटी लागली ती डेटा आल्यावर. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, काही महिने सगळंच फुकट मिळालं, आणि एक जीबी महिनाभर पुरवून वापरणारा माणूस बघता बघता दिवसाला दीड जीबीचा धनी झाला. या दीड जीबीत एकच खोट. तो रात्री बाराला मरतो. उरला तरी उद्यावर जात नाही.

म्हणून सेक्रेटरी रात्री जेवण झाल्यावर अ‍ॅप उघडून शिल्लक बघतात. साडेदहाला अर्धा जीबी उरलेला असला की त्यांच्या कपाळावर आठी पडते. घरात मुलाने बसवलेलं वायफाय आहे, पण साडेदहानंतर ते आपल्या फोनपुरतं आठवणीने बंद करतात, नाहीतर मोबाईलचा डेटा अंगावर राहायचा. मग पलंगाला टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकापाशी धरून कामाला लागतात. विहिरीत पडलेलं कोल्ह्याचं पिल्लू वर काढलं जातं. जेसीबी नदीपात्रातला ट्रक ओढतो. ठेचा करण्याची एकमेव योग्य पद्धत एक बाई दाखवतात, आणि लगेच दुसऱ्या बाई दुसरी एकमेव योग्य पद्धत दाखवतात. डोळे मिटायला लागले तर ते व्हिडिओची क्वालिटी वाढवतात, म्हणजे लवकर संपतं. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, झोपा आता." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पैसे भरलेत." बारा वाजून गेल्यावर नवा दीड जीबी जमा झाला की नाही एवढं बघून ते दिवा मालवतात. सकाळी सहाला ग्रुपवर त्यांचा मेसेज हजर असतो: झोपेच्या दोन तास आधी मोबाईल दूर ठेवल्याने होणारे फायदे.

हा माणूस बंड करत नाही असं समजू नका. जुलै २०२४च्या सुरुवातीला तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, २३९चा पॅक २९९वर गेला, आणि आमचा ग्रुप पेटला. 'यांचा माज उतरवू', 'चला बीएसएनएल'. पोर्ट लिहून १९०० क्रमांकाला मेसेज कसा पाठवायचा याची चित्रं बाणांसकट फिरली. लोकांनी नुसती भाषा केली नाही. त्या जुलैपासून चार महिने बीएसएनएलचे ग्राहक वाढत गेले. नोव्हेंबरपासून ते पुन्हा घटू लागले. कंपनीचं फोर-जी जाळं अजून उभं राहत होतं. उठाव चालू ठेवायचा तर उठावाचे व्हिडिओ उघडायला हवेत, आणि नेमके तेच गोल गोल फिरत राहत.

त्याच्याही आधी, जानेवारी २०२१मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने गोपनीयतेचे नियम बदलायचं जाहीर केलं तेव्हा आम्ही खासगीपणाच्या रक्षणासाठी एकदिलाने सिग्नलवर गेलो होतो. सोसायटीचा तिथला ग्रुप अजून आहे. त्यात तीन मेसेज आहेत. 'नमस्कार.' 'सगळे आले का?' 'टँकर उद्या सकाळी, सविस्तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय.'

व्हॉट्सअ‍ॅपशी आपलं नातं मुळातच काटकसरीवर उभं आहे. एकेकाळी ते पहिल्या वर्षानंतर वर्षाला साधारण एक डॉलर मागायचं. जानेवारी २०१६मध्ये त्यांनी तो नाद सोडला. तोवर आमच्याकडच्या कित्येकांनी तो डॉलर 'उद्यापासून व्हॉट्सअ‍ॅप पैसे घेणार, हा मेसेज दहा जणांना पाठवा म्हणजे तुमचं खातं फुकट राहील' हा मेसेज दहा जणांना पाठवून वाचवला होता. मधल्या काळात, २०१४ साली, फेसबुकने हेच अ‍ॅप १९ अब्ज डॉलरच्या घरात विकत घेतलं. जी वस्तू आपल्याला फुकट मिळते तिला इतके पैसे मोजणारा माणूस आमच्या मते भोळाच. त्याला कोणीतरी मंडईच्या दुसऱ्या टोकाला न्यायला हवं होतं.

फुकटात साहित्याचीही भरभराट झाली. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले, पण त्यांचं लेखन काही थांबलेलं नाही. मैत्री, चहा, पाऊस आणि बायको या विषयांवर ते अजूनही आठवड्याला दोन-तीन मजकूर पाडतात. शुद्धलेखन थोडं ढिलं झालंय आणि शेवटी हात जोडलेले असतात, एवढाच फरक. हे पुलंचं नाही असं ग्रुपवर कोणी लिहिलं, की सेक्रेटरींचं उत्तर ठरलेलं: "असू दे की. विचार चांगला आहे ना? आणि पाठवायला काय पैसे पडतात?"

पाठवायला पैसे पडत नाहीत. मुलं पळवणारी टोळी आली आहे हा मेसेजही असाच बिनपैशाचा फिरत होता. १ जुलै २०१८ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. लोकांनी त्यांना मुलं पळवणारे ठरवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं, पाचही जणांना. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला घेतली. आमच्या ग्रुपवर त्याबद्दल नाराजी होती. पाचांत काय होणार, असं लोकांचं म्हणणं पडलं.

असो. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने कंपन्यांना आणखी एक गोष्ट सांगितली: ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक काढा. असे पॅक आले. सेक्रेटरींच्या सुनेने एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडून त्यांच्यापुढे ठेवला. घरात वायफाय आहेच. बाहेर जाणं म्हणजे मंडई आणि बागेतला कट्टा. वर्षाचे पैसे वाचतात ते वेगळेच, रात्रीची झोपही होईल.

सेक्रेटरींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. बेरीज तपासली, एका ठिकाणी पेन्सिलने बरोबरची खूण केली. सून म्हणाली, "मग करू ना बाबा, पुढच्या वेळी?"

"नको गं. कट्ट्यावर नेट लागतं."

"तिथे तुम्ही पाच-सहा जण असता ना? गप्पा मारायला नेट कशाला?"

"अगं, मोबाईलमुळे माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत, त्यावर एक फार चांगला व्हिडिओ आलाय. त्यांना दाखवायला नको?"