दिलगिरीचा फलक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळे पत्रे उभे राहिले तेव्हा नातू बालवाडीत होता. आता तो तेराचा पाढा म्हणतो. पत्रे आहेत तिथेच आहेत. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हा फलक मात्र पत्र्यांवर नाही. तो दोन लोखंडी पायांवर, बरोब्बर फुटपाथच्या मधोमध रोवलाय. म्हणजे दिलगिरी ज्या गैरसोयीची, ती गैरसोय फलक स्वतःच. इतका प्रामाणिक सरकारी फलक मी जन्मात पाहिला नव्हता.

त्याला वळसा घालायचा तर रस्त्यावर उतरायचं. तिथं डंपर, बस आणि उलट्या दिशेनं येणारा दुचाकीस्वार. तो आपल्यावरच डोळे वटारतो, कारण आपण त्याच्या वाटेत आलेलो असतो.

बरं, कुणाला काही ठाऊकच नाही म्हणावं, तर तसंही नाही. रस्त्याचं काम चालू असताना रहदारी कशी सांभाळायची, याच विषयावर इंडियन रोड्स काँग्रेसची एस.पी. 55 ही अख्खी पुस्तिका आहे. आधी वाहनचालकाला सावध करा, मग हळूहळू वळवा, मग तुमचं काम, शेवटी त्याला मूळ रस्त्यावर सोडा. पायी चालणाऱ्याला वेगळी, सुरक्षित वाट द्या. त्याच संस्थेच्या 2012 च्या आयआरसी 103 नं तर फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी जागा मागितली होती. मी टेप घेऊन गेलो. पत्रा आणि विजेचा डीपी यांच्यामध्ये 40 सेंटिमीटर भरले. तेव्हापासून मी आडवा चालतो. खेकड्याला जमतं, मला का जमू नये?

सावध करण्याचं खातं आमच्याकडे लाल फडकंवाल्या पोऱ्याकडे आहे. दुपारी फडकं त्याच्या तोंडावर असतं. रात्री तो घरी जातो, मग खड्ड्यात बाभळीची फांदी खोचलेली असते. फांदी निदान झोपत तरी नाही.

(पुण्याच्या विद्यापीठ चौकातले पूल 2020 मध्ये पाडले, तेव्हा ‘थोडे दिवस कळ काढा’ असं मीच शेजाऱ्यांना सांगत होतो. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.)

शेवटी तक्रार घेऊन गेलो. साहेबांनी चहा पाजला. म्हणाले, “काका, आम्ही मोजणी केली. त्या फुटपाथवरून कुणी चालतच नाही. मग सोय कुणासाठी करायची?”

पण तक्रारीची दखल घेतली हो! परवा नवा फलक लागला: ‘पादचाऱ्यांनी फुटपाथचाच वापर करावा.’

उरलेल्या 40 सेंटिमीटरमध्ये.